सीज अँड डेसिस्ट (म्हणजे नाव वापरणं बंद करा अशी वकिलाची) नोटीस आल्यावर ज्या वकीलमॅडमकडे गेलो त्यांच्या कामाचा रिव्ह्यू (५ पैकी ४.५)

आधीच सांगते, मॅडमचं नाव इथे देणार नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि माझ्यामुळे त्यांना त्रास झालेला मला चालणार नाही. ऑफिस कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला, नवीन जिल्हा कोर्टापासून जवळ, एवढं पुरे. हा रिव्ह्यू त्यांच्या कामाच्या पद्धतीचा आहे, म्हणजे असलं काम करणारा माणूस कसा असावा ते कुणाला बघायचं असेल तर बघता येईल.

विषय असा की आमचा कांदा लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे, सासूबाईंनी सुरू केलेला, आता मी आणि मिस्टर बघतो, इचलकरंजीत. एक दिवस स्पीड पोस्टने दिल्लीच्या एका लॉ फर्मची आठ पानी इंग्रजी नोटीस आली की तुमच्या चटणीचं नाव आमच्या क्लायंटच्या रजिस्टर्ड ट्रेडमार्कसारखं आहे, सात दिवसांच्या आत वापर बंद करा, पाकिटं नष्ट करा, ऑनलाइन लिस्टिंग काढा, आजवरच्या विक्रीचा हिशोब द्या, नुकसान भरपाई म्हणून वीस लाख द्या, आणि हे केलं नाही तर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाई करू. आईंनी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) फौजदारी हा शब्द ऐकला आणि त्यांचं जेवणावरून मन उडालं. घरात पोलीस येणार का, एवढंच विचारत होत्या.

आधी मिस्टरांनी एक ऑनलाइन साईट शोधली, फिक्स रेटमध्ये नोटीसचा रिप्लाय बनवून देणारी. पैसे भरायचे, पीडीएफ अपलोड करायची, फॉर्म भरायचा, दोन दिवसात ड्राफ्ट येतो. आला पण. त्यात आमचा माल ट्रेडमार्कच्या क्लास (मालाचा गट) २५ मध्ये टाकला होता, म्हणजे कपडे! चटणी मसाले क्लास ३० मध्ये येतात, हे नोटीसच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. आणि दुसऱ्या पानावर सरळ एक वाक्य, आम्ही तुमच्या मागणीप्रमाणे सदर नाव वापरणं तात्काळ बंद करत आहोत. आम्ही असं कुठेच सांगितलं नव्हतं. फोन केला तर कस्टमर केअरवाला म्हणतो एक रिव्हिजन फ्री आहे. माझं स्पष्ट मत आहे, असला रिप्लाय पाठवण्यापेक्षा काहीच न पाठवलेलं परवडलं, कारण एकदा लेखी मान्य केलं की तो कागद आयुष्यभर तुमच्या विरुद्ध वापरता येतो. तो ड्राफ्ट आम्ही पाठवला नाही, पैसे गेले ते गेले.

मग ओळखीतून ह्या मॅडम मिळाल्या. आम्ही बसलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नोटीस हातात घेतलीच नाही, पाकीट मागितलं. पाकिटावरचा बुकिंगचा शिक्का, ट्रॅकिंग नंबर, आपल्याला मिळाल्याची तारीख, हे सगळं फाईलच्या पहिल्या कागदावर लिहून घेतलं. नंतर लेटरहेडवरचं नाव आणि पत्ता तपासला, कारण आजकाल व्हॉट्सअपवर कुणाच्याही नावाने नोटीस फिरते म्हणे. आपल्याकडच्या वकिलाची असेल तर महाराष्ट्र गोवा बार कौन्सिलचा सनद नंबर असतो, एमएएच ने सुरू होणारा, तो पडताळून बघता येतो.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय. नोटीसची झेरॉक्स काढली, तीन रंगांचे हायलायटर घेतले आणि आईंना शेजारी खुर्चीवर बसवून एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. जे समोरच्याचं नुसतं म्हणणं आहे ते पिवळं. जो खरा कायदा आहे ते हिरवं. आणि जी मागणी आहे ते गुलाबी. आठ पानं संपली तेव्हा सगळीकडे पिवळं आणि गुलाबी, हिरव्या ओळी मोजून चार पाच. आईंना इंग्रजी येत नाही पण रंग दिसत होते ना. त्यांचा चेहरा तिथेच बदलला.

मॅडमचं पहिलं वाक्य आईंसाठी होतं, काकू ही कोर्टाची ऑर्डर नाही, हे एका वकिलाने दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र आहे. खाली कोर्टाचा शिक्का नाही, केस नंबर नाही. ही बंद करायला सांगते, बंद करायला लावू शकत नाही, लावायचं असेल तर त्यांना कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणावा लागेल. पण लगेच पुढे म्हणाल्या, म्हणून कपाटात टाकून द्यायची असंही नाही. ट्रेडमार्कच्या दाव्याआधी नोटीस पाठवायलाच पाहिजे असं कायद्यात कुठे नाही, ते थेट कोर्टात जाऊन आपलं ऐकून न घेता तात्पुरता स्टे मागू शकले असते, त्यांनी पत्र पाठवलंय म्हणजे आपल्याला आपली बाजू कागदावर आणायची संधी मिळालीय. आणि उद्या कोर्टात गेलंच तर जज पहिलं विचारणार, नोटीस मिळाली होती ना मग गप्प का बसला.

सात दिवसांचं पण असंच. मी विचारलं आज पाचवा दिवस आहे, आता काय? तेव्हा बाहेर वेटिंगला एक आजोबा बसले होते चेक बाउन्सची नोटीस घेऊन, मॅडम म्हणाल्या त्यांचे पंधरा दिवस आणि तुमचे सात दिवस ह्यात फरक आहे. चेक बाउन्सला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्येच लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसात पैसे दिले नाहीत तर गुन्हा होतो, ती मुदत कायद्याची. तुमचे सात दिवस त्या वकिलाने स्वतःच्या मनाने टाकलेत, कुणी दहा टाकतो कुणी पंधरा. तरी त्यांनी त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवला की नोटीस मिळाली, कागद गोळा करतोय, सविस्तर उत्तर देऊ, आणि आमचे सर्व हक्क राखून. हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा असतो म्हणाल्या, म्हणजे वेळ मागितला म्हणून चूक कबूल केली असं होत नाही.

महापालिकेची अनधिकृत बांधकामाची नोटीस, एमआरटीपी कलम ५३ ची वगैरे, ती पूर्ण वेगळी हेही त्यांनी सांगितलं, कारण मिस्टर दोन्ही एकच समजत होते. ती सरकारी अधिकारी कायद्याने दिलेल्या अधिकारात काढतो आणि तिच्यावर पुढची कारवाई तोच करू शकतो. वकिलाच्या नोटीशीला तसली ताकद नाही.

आता फौजदारीचं. ट्रेडमार्क ॲक्ट १९९९ मध्ये कलम १०३ आहे, खोटा ट्रेडमार्क लावला तर सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, हे खरं आहे, ती हिरवी ओळ होती. पण ते कलम दुसऱ्याचा मार्क बनावट करून लावणाऱ्यासाठी, ज्याला आपण डुप्लिकेट माल म्हणतो तसल्यासाठी. आणि पोलिसांना सुद्धा झडती जप्ती करायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, शिवाय डीवायएसपी दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला ते करता येत नाही, कलम ११५ मध्ये आहे. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्याने, एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर छापून वर्षानुवर्षं चटणी विकणाऱ्या बाईच्या दारात उद्या गाडी येईल असं काही नसतं. आईंनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मॅडमनी दोन्ही वेळा तेवढ्याच शांतपणे सांगितलं. मला हे फार आवडलं.

मग त्यांनी लॅपटॉपवर ट्रेडमार्क रजिस्ट्रीची साईट उघडली. ही सगळ्यांना फुकट आहे, आयपी इंडियाची पब्लिक सर्च, नोटीशीत दिलेला नंबर टाकला की पूर्ण कुंडली समोर येते. कुणाच्या नावावर, कुठला क्लास, स्टेटस काय, अर्ज कधीचा आणि वापर कधीपासून केल्याचं त्यांनी स्वतः लिहिलंय. बऱ्याच नोटिशीत म्हणे रजिस्टर्ड म्हणून लिहितात आणि इथे बघितलं तर स्टेटस ऑब्जेक्टेड किंवा ऑपोज्ड, म्हणजे हरकत आलेलं, निघतं. आमच्या केसमध्ये खरंच रजिस्टर्ड होता, पण दोन गोष्टी नोटीशीत नव्हत्या. एक म्हणजे तो नुसत्या शब्दाचा मार्क नव्हता, डिव्हाइस मार्क होता, म्हणजे अक्षरांची ठेवण, लाल पिवळा रंग आणि मधे खलबत्ता असं अख्खं लेबल. कलम १७ प्रमाणे असा मार्क पूर्ण मिळून एक धरला जातो, त्यातल्या एका सर्वसामान्य शब्दावर वेगळी मालकी सांगता येत नाही. नोटीशीत तर त्यांनी कांदा लसूण हे शब्दसुद्धा आम्ही वापरू नयेत असं लिहिलं होतं! कांदा आणि लसूण घातलेल्या चटणीला दुसरं काय म्हणायचं हो, मालाचं वर्णन करणारा शब्द कुणा एकाचा होत नाही. आमच्या जिल्ह्यात निम्म्या घरात ही चटणी कुटतात.

दुसरी गोष्ट, आणि हीच निर्णायक, त्यांनी वापराची तारीख २०१६ दिली होती. आईंची चटणी २००९ पासून आहे, तेव्हापासून ह्याच नावाने.

कलम ३४. हे कलम मी आता झोपेतही सांगेन. समोरच्याने मार्क रजिस्टर केला असेल तरी त्याच्या वापराच्या आणि रजिस्ट्रेशनच्या, दोन्हीच्या आधीपासून तुम्ही सलग ते नाव वापरत असाल तर तो तुम्हाला अडवू शकत नाही. मॅडमनी तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या केसचं सांगितलं, सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे, सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई, त्यात कोर्टाने म्हटलंय की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनपेक्षा वरचा. एका हलव्याच्या दुकानाच्या नावावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण चटणीवाल्यांच्या कामाला आलं, आईंना ह्याचं फार अप्रूप वाटलं.

पण हक्क आहे म्हणून भागत नाही, पुरावा लागतो, आणि इथे मॅडमनी आमच्याकडून खरी मेहनत करून घेतली. २००९ पासूनची प्रत्येक वर्षाची किमान एक तरी गोष्ट आणा म्हणाल्या, मधे गॅप नको, कारण कायद्यात सलग वापर पाहिजे. आम्ही माळा उपसला. लेबल छापणाऱ्या प्रेसची बिलं, भीमथडी जत्रेतल्या स्टॉलची पावती, बचत गटाच्या हिशोबाची वही, लायसन्स, एका किराणा दुकानदाराच्या ऑर्डरचे कागद, पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने पाठवलेलं पोस्टकार्ड ज्यावर चटणीचं नाव आहे. सगळ्यात जुनं निघालं ते प्रेसचं हाताने लिहिलेलं बिल, कोपऱ्याला हळद लागलेलं, त्यावर नावासकट लिहिलेलं, लेबल एक हजार नग, आणि तारीख नोव्हेंबर २००९. मॅडमनी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या ह्याला लॅमिनेशन करू नका, पंच मारू नका, ओरिजिनल तसंच राहू दे. दोन वर्षांचं काहीच मिळत नव्हतं तेव्हा बँकेच्या पासबुकातल्या दुकानदारांच्या एन्ट्र्या दाखवल्या, त्या चालल्या.

आता अंडरटेकिंगबद्दल, म्हणजे लेखी हमीबद्दल, कारण लोक इथेच फसतात. नोटीशीच्या मागे एक तयार कागद जोडलेला असतो, स्टॅम्प पेपरवर सही करून पाठवा म्हणजे विषय मिटला असं सांगतात. वाचताना वाटतं पुन्हा वापरणार नाही एवढंच आहे. मॅडमनी चौथं कलम वाचून दाखवलं, त्यात होतं की आम्ही त्यांच्या रजिस्ट्रेशनला कधीही, कुठेही आव्हान देणार नाही. पाचव्यात होतं की आमचे वारसदार, नातेवाईक, वितरक सगळे ह्याला बांधील. आणि सहाव्यात त्यांच्या वकिलाचा खर्च आमच्यावर. म्हणजे सही केली असती तर आईंचं २००९ पासूनचं सगळं एका कागदात गेलं असतं आणि माझ्या मुलांनाही ते नाव लावता आलं नसतं. वीस लाखाचा आकडा घाबरवायला असतो आणि खरा दम ह्या कागदात असतो, हे मला त्या दिवशी कळलं. वीस लाखाबद्दल मॅडम म्हणाल्या की कोर्ट नुकसान भरपाई देतं ती सिद्ध केल्यावर, पत्रात लिहिल्यावर नाही.

मला त्यांचा मोठेपणा वाटला तो लेबलच्या मुद्द्यावर. दुसरा एखादा वकील म्हणाला असता लढूया, काही देऊ नका. ह्यांनी दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या चार हात लांब उभं राहून बघा, दुकानात गिऱ्हाईक असंच बघतं. प्रिंटरने मागच्या वर्षी नवीन डिझाईन दिलं होतं त्यात लाल पिवळा रंग आणि खलबत्ता आला होता. लेबल नवीन, त्याला २००९ चं संरक्षण नाही, ह्या एका गोष्टीवर कोर्ट त्यांचं ऐकू शकतं असं स्वच्छ सांगितलं. नाव सोडायचं नाही, लेबल बदलायचं, असं ठरलं. जुनी पाकिटं संपवायला मुदत मागायची आणि हे सगळं विदाऊट प्रेज्युडिस लिहायचं, म्हणजे समजुतीने बदलतोय, चूक मान्य करून नाही.

रिप्लाय तीन पानी होता. कुठे आरडाओरडा नाही, तुमच्या क्लायंटला बघून घेऊ असलं काही नाही. प्रत्येक परिच्छेदाला उत्तर, कागदांची यादी, कलम ३४, सुप्रीम कोर्टाचा निकाल, लेबलचा प्रस्ताव, आणि शेवटी कलम १४२ ची एक ओळ. ट्रेडमार्क कायद्यात कुणी बिनबुडाची धमकी दिली तर ज्याला धमकी दिली तो उलट दावा लावू शकतो आणि नुकसान मागू शकतो, कॉपीराइट कायद्यातही असंच कलम ६० आहे. फक्त समोरच्याने खरंच रीतसर इन्फ्रिंजमेंटचा (ट्रेडमार्क भंगाचा) दावा दाखल करून चालवला तर हे कलम चालत नाही, म्हणून मॅडमनी ते जपून, एकाच ओळीत वापरलं. पाठवायच्या आधी पूर्ण रिप्लाय आम्हाला मराठीत वाचून दाखवला आणि आईंनी मान डोलावल्यावरच गेला.

पुढे काही महिने शांतता, मग त्यांच्या वकिलाचा फोन आला, दोन तीन ईमेल झाले आणि लेबल बदलण्यावर लेखी मिटलं. एक रुपया द्यावा लागला नाही. एका मोठ्या साईटने त्यांच्या तक्रारीवरून आमचं लिस्टिंग बंद केलं होतं, ते हे मिटल्याचं पत्र दाखवल्यावर परत सुरू झालं, पण त्यात दिवाळीचा सीझन गेला, ते नुकसान झालंच. मॅडमनी लगेच आमचा स्वतःचा ट्रेडमार्क अर्ज भरून टाकला, नावाचा, क्लास ३० मध्ये. छोट्या धंद्याला ऑनलाइन सरकारी फी ४५०० आहे, मोठ्या कंपनीला ९०००. रजिस्ट्रेशन दहा वर्षं चालतं, मग रिन्यू करायचं. तोपर्यंत नावापुढे टीएम लावायचं, गोलातला आर नाही, तो रजिस्टर झाल्यावरच.

फी, सल्ल्याचे १००० आणि रिप्लायचे ७०००, सल्ल्याचे त्यातच वळते केले. पुढच्या ईमेलचे वेगळे घेतले नाहीत. पावती मिळते, न मागता.

अर्धा स्टार कापला तो कशासाठी तेही सांगते. कोर्टाच्या वेळेत फोन लागत नाही आणि ज्युनियर फक्त मॅडमना विचारून सांगतो एवढंच म्हणतो, ज्याच्या घरात नोटीस आलीय त्याला ते चार तास फार मोठे असतात. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईंना गुडघ्यामुळे जिन्यात थांबत थांबत जावं लागलं. आणि ड्राफ्ट ईमेलवर फक्त इंग्रजीत येतो, मराठीत समजून घ्यायचं तर जावंच लागतं.

ज्यांना सात आठ हजार जड जातात त्यांच्यासाठी, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीज ॲक्ट १९८७ चं कलम १२, जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. आमच्या गटातल्या दोघींना मी हे सांगून ठेवलंय.

मॅडमकडे किंवा कुणाकडेही जाताना नोटीस, तिचं पाकीट, तुमचं आत्ताचं लेबल, समोरच्याचं एक विकत घेतलेलं पाकीट बिलासकट, आणि सगळ्यात जुनं जे काही बिल सापडेल ते घेऊन जा. संध्याकाळी सहानंतर गेलात तर कोर्टाची गडबड नसते, नीट वेळ देतात.